गिऱ्हाईक तयार चित्र घेऊन येते. मग डिझायनरने पैसे नेमके कशाचे मागावेत?

पुडकेवाली (रामबाग, इंदूर) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी गेली अकरा वर्षे इंदुरात खाद्यपदार्थांच्या वेष्टनांचे डिझाइन करते. शेव-मिक्स्चरचे पाऊच, मिठाईचे खोके, आणि दिवाळीच्या आधीचे दोन महिने इथल्या मराठी घरांतून मागणी असलेल्या फराळाचे डबे, असे माझे काम आहे. स्टुडिओ म्हणजे घराच्या माडीवरची एक खोली, दोन संगणक आणि गेल्या जूनपासून माझ्याकडे शिकायला येणारी एक मुलगी.

मागच्या आठवड्यात फराळाचा घरगुती व्यवसाय करणाऱ्या एक बाई आल्या. सहा वर्षे त्यांचे डबे मीच करते आहे. या वेळी त्यांनी मोबाइल पुढे केला आणि म्हणाल्या, "ताई, डिझाइन भाच्याने एआयकडून करून घेतलंच आहे, तुम्ही फक्त सेट करून द्या." मागच्या वर्षी डब्याचे मी बारा हजार घेतले होते, या 'सेट करण्याचे' अडीच हजार त्यांनी स्वतःच ठरवून आणले होते.

चित्र पहिल्या नजरेला छान होते, हे मला मान्य केले पाहिजे. पितळी ताट, समई, मागे पैठणीचा पदर, सोनेरी उजेड. मग मी ते मोठे करून पाहिले. चकलीला काटे नव्हते. गुळगुळीत, तकतकीत वेटोळी होती. पोहे-जिलेबीच्या गावात राहून चकलीचीही जिलेबी झालेली पाहावी लागेल असे वाटले नव्हते. अनारशावर खसखस नव्हती आणि मधोमध भोक होते. करंजीच्या कडेला मुरड नव्हती. चिवड्यावर काजू पसरले होते, आणि या बाईंच्या चिवड्यात शेंगदाणे व डाळे यांपलीकडे काही नसते. वर मोठ्या अक्षरांत 'दिवाली फराल' लिहिलेले होते, तेही हिंदी वळणाच्या 'ल'ने. त्याखालच्या ओळीत 'स्वादिष्ट' शब्दातला 'ष्ट' असा काही जुळला होता की तो कोणत्याही लिपीत वाचता आला नसता.

मी सोवळेपणाने बोलत नाही. २०२३ साली फोटोशॉपमध्ये शब्द लिहून चित्र भरण्याची सोय आली तेव्हापासून पार्श्वभूमी वाढवायला, ताटावरचा डाग काढायला मी ती रोज वापरते आणि त्यात माझे तास वाचतात. म्हणून विचारते: अशा कामाचा दर कसा लावावा? आणि दुसरा प्रश्न, जो मला जास्त सतावतो. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलीला मी पहिली दोन वर्षे जी कामे दिली असती, म्हणजे फोटो कापून वेगळा करणे, पार्श्वभूमी बदलणे, एकच मांडणी सात मापांत बसवणे, ती सगळी आता मिनिटाभरात होतात. मग तिला शिकवायचे कशावर?

जुना पेस्टअप

ताई, मी साठी ओलांडलेला माणूस आहे आणि छपाईच्या धंद्यातला आहे, तेव्हा आधी छपाईचे बोलतो.

तुमच्या बाईंचे चित्र बहुधा १०२४ बाय १०२४ पिक्सेलचे असेल. इंचाला तीनशे ठिपके धरले तर ते साडेतीन इंचांच्याही आत संपते. डब्याचे झाकण अकरा इंचांचे असेल तर तेहतीसशे पिक्सेल हवेत. मोठे करणारी साधने आहेत, पण ती नसलेला तपशील मनाने भरतात. म्हणजे खोट्या चकलीला आणखी स्पष्ट खोटेपणा मिळतो. दुसरे, तो सोनेरी उजेड पडद्यावरच राहणार आहे. पडदा उजेडाने रंग दाखवतो आणि आपण चार शाईंनी छापतो; भडक केशरी आणि पोपटी हिरवा कागदावर हमखास मंदावतो. तिसरे, त्या चित्रातली अक्षरे म्हणजे अक्षरे नाहीत, ठिपके आहेत. घटकपदार्थांची बारीक ओळ जर अशा चित्रातून चारही रंगांत आली, तर मशीनवर रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर हलताच प्रत्येक अक्षराला निळी-लाल सावली येते. बारीक मजकूर एकट्या काळ्यात आणि वेगळ्या थरावर लागतो. आणि काम खोक्याचे नसून पाऊचचे असेल तर प्रत्येक रंगाला स्वतंत्र सिलिंडर कोरला जातो. कोरून झाल्यावर चूक सापडली की तो सिलिंडर नव्याने करण्याचा खर्च कोणाच्या तरी माथी बसतो. म्हणून अडीच हजारांत 'सेट' करून देताना ही जोखीमही तुम्ही अंगावर घेत आहात, हे त्यांना सांगा.

आता दुसरी गोष्ट. आमच्या वेळी लेट्रासेटची अक्षरे घासून उतरवायची, ब्रोमाइड, म्हणजे मजकुराचा फोटो-कागद, कापून रबर सोल्युशनने बोर्डावर चिकटवायचा, आणि रेघ मारायला पेन धुऊन तयार ठेवायचे, असे पेस्टअपचे काम होते. नव्वदच्या दशकात पेजमेकर आणि कोरल ही संगणकावर मांडणी करणारी सॉफ्टवेअरे आमच्या गल्लीपर्यंत पोचली आणि चार-पाच वर्षांत तो सगळा हुन्नर अडगळीत गेला. पुढे फ्लेक्स आला आणि पाट्या रंगवणाऱ्यांचे तेच झाले. यावर लोक नेहमी सांगतात की ज्यांच्या हातात खरे कसब होते ते टिकले. हे खोटे आहे, मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्याकडे एक पेंटर होते, ज्यांचे देवनागरी वळण पाहून मी अक्षर शिकलो. ते टिकले नाहीत, त्यांनी शेवटी दुचाकीच्या नंबरप्लेटी लिहिल्या. ज्यांच्याकडे संगणक घ्यायला पैसे होते आणि छापखानेवाल्यांशी ओळख होती, ते टिकले. मीही त्यातलाच. कसबाने माणूस टिकतो ही समजूत मनाशी धरून बसू नका, हिशेब वेळेवर बदला.

गिऱ्हाइकाच्या बाजूने

माझे मिठाई-नमकीनचे छोटे दुकान आहे आणि मी त्या बाईंच्या जागी आहे, म्हणून थोडे कडू लिहितो. राग मानू नये.

पुडकेवाली ताई, एआय येण्यापूर्वी आम्हाला काय मिळत होते? पाच वर्षांपूर्वी एका डिझायनरने माझ्या लौंग सेवेच्या पाकिटावर जी वाटी लावली, तीच वाटी, तोच पुदिन्याचा तुरा घेऊन, मला दुसऱ्या शहरातल्या एका पाकिटावर दिसली. विकत मिळणारा तयार फोटो होता तो. माझी शेव त्याने चाखलीही नव्हती. नमुना बदलायला सांगितला की दहा दिवस, आणि तिसऱ्या बदलाचे वेगळे पैसे. आता मी रात्री दुकान बंद करून तासाभरात वीस नमुने पाहतो. माझ्या मनात काय आहे ते मला पहिल्यांदा दाखवता येते. शब्दांत ते कधीच सांगता आले नव्हते.

तेव्हा गिऱ्हाईक चित्र घेऊन आले म्हणजे त्याने तुमचा अपमान केला असे समजू नये. त्याला काय हवे आहे याचा तो कच्चा आराखडा आहे. मात्र एक कबूल करतो. काजूचे तुम्ही लिहिलेत, ते वाचून मी माझे नवे पाकीट काढून पाहिले. त्यावर पिस्ते आहेत. आमच्या मिक्स्चरमध्ये पिस्ते नाहीत.

सुपर कॉरिडॉर

मी वेष्टनांतला किंवा छपाईतला नाही. इथल्या एका आयटी कंपनीत मोबाइल अ‍ॅपचे पडदे डिझाइन करतो. आमच्याकडे हा बदल तुमच्यापेक्षा लवकर आणि जोरात आला आहे.

जुना पेस्टअप काकांचे छपाईचे म्हणणे बिनचूक आहे, पण ताई, त्यावर दर बेतू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. यंत्राच्या आजच्या चुकांवर धंदा उभारणे धोक्याचे आहे. २०२२ साली ही चित्रयंत्रे सर्वांच्या हाती आली तेव्हा माणसाच्या हाताला सहा बोटे येत आणि इंग्रजी शब्दही वाचता येत नसे. २०२५च्या मार्चनंतर चित्रातला इंग्रजी मजकूर बव्हंशी नीट येऊ लागला. देवनागरी मागे आहे, जोडाक्षरे अजून तपासावी लागतात, पण तुमचा 'ळ' उद्या-परवा बरोबर येईल. पिक्सेलही वाढतील. तेव्हा तुम्ही त्या बाईंना काय सांगणार?

माझ्या कामातला अनुभव असा. पूर्वी एका अ‍ॅपच्या नोंदणीचे पाच पडदे रचायला मला तीन दिवस लागत. आता सकाळच्या चहापर्यंत पंधरा पर्याय पुढे असतात. पंधराही नीटनेटके, आणि पंधराही कुठेतरी पाहिलेले वाटणारे. फिग्मा या आमच्या रोजच्या साधनाने २०२४च्या जूनमध्ये वाक्यावरून अख्खा पडदा रचून देणारी सोय आणली आणि काही दिवसांतच ती तात्पुरती मागे घेतली, कारण हवामानाचे अ‍ॅप मागितले की ती अ‍ॅपलच्या हवामान अ‍ॅपशी फारच मिळतेजुळते काही देत होती. हा दोष एका साधनाचा नाही. सर्वांत जास्त वेळा जे पाहिले तेच परत देणे हा या यंत्रांचा स्वभाव आहे. तुमच्या चकलीची जिलेबी झाली, तीही मला वाटते याच रस्त्याने.

म्हणून माझे काम आता रचण्याकडून विचारण्याकडे सरकले आहे. गेल्या महिन्यात शेतमालाच्या भावाच्या एका अ‍ॅपसाठी मी सांवेर रोडच्या पुढे जाऊन सहा शेतकऱ्यांच्या शेजारी बसलो. यंत्राने सुचवलेल्या पडद्यावर भाव किलोमागे होता. त्यांच्यापैकी एकही जण सोयाबीनचा भाव किलोत बोलत नव्हता. सगळे क्विंटलमध्ये बोलत होते. शिवाय उन्हात तो फिकट करडा मजकूर कोणालाच दिसला नाही. पडदा सुंदर होता आणि निरुपयोगी होता. हे शोधून काढण्याचे पैसे मला मिळतात. ताई, अनारशाला भोक नसते हे तुम्हाला ठाऊक आहे म्हणून तुम्हाला पैसे मिळावेत. अक्षर बिघडले म्हणून नव्हे.

शिकणाऱ्या मुलीविषयी माझ्याकडे चांगले उत्तर नाही. आमच्या गटात पूर्वी दरवर्षी दोन-तीन नवी मुले घेत, कारण बॅनरची वीस मापे करायला कोणीतरी लागे. गेली दोन वर्षे एकही घेतलेले नाही. पाच वर्षांनी अनुभवी माणसे कुठून आणणार, असे मी बैठकीत विचारले तर सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढचा विषय घेतला.

काठ-पदर

मी माहेश्वरी साड्यांचे काम करते. घर इंदुरात आणि महिन्यातले दहा दिवस महेश्वरात. वरचे वाचून माझ्याकडची एक गोष्ट सांगावीशी वाटली.

माहेश्वरीचा काठ भूमितीचा आहे: चटाई, ईंट, हिरा, लहर. किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडी कोरीवकामावरून हे नमुने आले असे तिथे सांगतात, पण त्यांची ठेवण तशी असण्याला मागाचेही कारण आहे. काठाची नक्षी डॉबीवर, म्हणजे मागावरच्या धागे उचलणाऱ्या जोडणीवर, निघते, आणि तिच्यात धाग्यांचे मोजकेच गट स्वतंत्रपणे उचलता येतात. त्यामुळे गोलाई सुचवावी लागते ती पायऱ्यापायऱ्यांनी. एका नव्या व्यापाऱ्याने मला यंत्राकडून काढलेला 'माहेश्वरी काठ' पाठवला. वेलबुट्टी इतकी नाजूक की पाहत राहावे. मी आलेखाचा कागद घेऊन तो चौकटींत उतरवायला बसले आणि दुसऱ्याच फुलावर अडले: पहिल्या फुलाला आठ पाकळ्या, दुसऱ्याला सात, तिसऱ्याला नऊच्या आसपास. नमुना पुन्हा पुन्हा येतो असे नुसते भासत होते, प्रत्यक्षात तो कुठेच पुन्हा आलेला नव्हता. जो नमुना पुन्हा येत नाही तो डॉबीवर बांधताच येत नाही. विणकर काकांना दाखवले तर ते हसून म्हणाले, "बाई, हे विणायचं नाही, छापायचं आहे."

आणि खरी अडचण तीच आहे. ते छापले जाते. चित्र आज काढले की आठवड्यात डिजिटल छपाईच्या कापडावर 'माहेश्वरी डिझाइन' म्हणून बाजारात येते. माहेश्वरीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते नावाचे आणि त्या प्रदेशातल्या विणण्याचे संरक्षण करते. नुसत्या चटाईच्या नक्षीवर कोणाचीच मालकी नाही. तेव्हा सुपर कॉरिडॉर यांनी म्हटल्याप्रमाणे ज्ञानाचे पैसे मागावेत हे खरे, परंतु ते ज्ञान नसतानाही माल खपतो तिथे ते पैसे देणार कोण? हातमागावरच्या साडीशेजारी हजार रुपयांची छापील साडी टांगलेली असते आणि दुकानातल्या दिव्याखाली तीच जास्त चमकते. मला उत्तर माहीत असते तर मीच लिहिले असते.

एवढे मात्र सांगते, की रंग जुळवायला मीही यंत्र वापरते. ताण्याचा रंग एक आणि बाण्याचा दुसरा असला की कापडाला जी धूपछांव येते, तिचा अंदाज पूर्वी नमुना विणल्याशिवाय येत नसे. आता चाळीस जोड्या पडद्यावर पाहून त्यातल्या तीनच विणायला देते. त्यात सूतही वाचते आणि विणकराचा दिवसही.

कागदपत्रे

फक्त कायद्याच्या बाजूचे थोडक्यात. चित्राची मालकी हा प्रश्न त्या बाईंना विचारून घ्या, कारण पुढे व्यवसाय वाढला की तो अडतो. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार संगणकनिर्मित कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती कृती 'निर्माण करवणारी व्यक्ती' होय. पण ते वाक्य लिहिले गेले तेव्हा अशी यंत्रे कोणाच्या स्वप्नातही नव्हती. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३च्या फेब्रुवारीत एका चित्रकथेच्या बाबतीत मजकुराला आणि मांडणीला संरक्षण दिले, यंत्राने काढलेल्या चित्रांना नाही. तेव्हा उत्पादनाचे नाव आणि त्याचे अक्षरचिन्ह तुम्ही स्वतः काढा आणि व्यापारचिन्ह म्हणून त्यांच्या नावे नोंदवायला सांगा. सजावटीचे चित्र कोणाचे का असेना.

काजू-पिस्त्यांबाबत: अन्नसुरक्षा कायद्याखाली वेष्टनावरचे चित्रही दिशाभूल करणारे चालत नाही, आणि चुकीच्या लेबलाच्या मालाला कलम ५२ प्रमाणे तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तो उत्पादकाला आणि विक्रेत्याला होतो. भाच्याला नाही.

जुना पेस्टअप

शिकणाऱ्या मुलीबद्दल मी आधी काही लिहिले नाही, ते राहून गेले. इंदूरच्या ज्या चित्रशाळेत देवळालीकर मास्तरांनी चित्रकार ना. श्री. बेंद्रे घडवले, तिथेच शिकलेले चित्रकार एम. एफ. हुसेन पुढे मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवून पोट भरत होते. होर्डिंग रंगवणे हे काही कलेचे काम मानले जात नव्हते, ते मजुरीचे होते. पण वीस फुटी चेहरा जवळून रंगवायचा आणि तो दुरून जमला पाहिजे, हा अंदाज त्या मजुरीत हाताला लागतो. आमच्याही पोरांना पेस्टअपच्या बोर्डावरच कळे की दोन ओळींत किती हवा सोडावी. हलके काम फुकट शिकवणी देत होते, ते गेले. आता ती शिकवणी कोणीतरी मुद्दाम द्यावी लागेल, आणि तिचे पैसे गिऱ्हाईक देणार नाही. म्हणजे तुमच्या खिशातून.

पुडकेवाली

सगळ्यांचे आभार. काय केले ते लिहिते.

बाईंना मी घरी बोलावले आणि त्यांचेच चित्र मोठ्या पडद्यावर त्यांना दाखवले. मी काही बोलण्याआधी त्यांनीच चकलीवर बोट ठेवले. काजूंबद्दल सांगितले तेव्हा गप्प झाल्या. 'गिऱ्हाइकाच्या बाजूने' यांचे म्हणणे लक्षात ठेवून मी त्यांच्या चित्रातले ताट, समई आणि उजेडाची दिशा तशीच ठेवू म्हटले, कारण त्यांच्या मनातले ते पहिल्यांदाच मला नेमके कळले होते आणि ते वाईट नव्हते. कोटेशन तीन भागांत दिले: खऱ्या पदार्थांचे फोटो, नावाचे हाताने काढलेले अक्षर, आणि मजकूर, चिन्हे व रंग तपासून छापखान्यात पहिला कागद निघेपर्यंत जबाबदारी. एकूण साडेनऊ हजार. त्यांनी नऊ केले. मागच्या वर्षीपेक्षा तीन हजार कमी झाले हे खरे, पण पार्श्वभूमीवर माझे दोन दिवस गेले नाहीत, तेव्हा मला फारसे लागले नाही.

फोटोसाठी त्या स्वतः डबा घेऊन आल्या. खिडकीच्या उजेडात काढलेल्या चकलीचे काटे कुठे तुटलेले, कुठे जास्त तळलेले आहेत. भाचा म्हणाला की हे यंत्राने नीट करून घ्या. बाईंनी नको म्हटले.

मुलीबाबत काकांचे पटले. रोज सकाळी पहिला तास तिला संगणक बंद. आत्तापर्यंत एक आठवडा ती 'ळ' काढते आहे, बोरूने, तीन जाडींत. काल तिने विचारले की 'ळ'च्या दोन्ही गाठी सारख्या असाव्यात की डावीकडची किंचित मोठी. मी सवयीने मोठी काढते, पण का ते मला सांगता आले नाही. जुना पेस्टअप काका, तुमचे त्या पेंटरांकडे शिकणे झालेले आहे. ते कशी काढत असत, आठवते का?